ऑईल कूलरची गळकी लाइन : या थेंबाकडे दुर्लक्ष नको

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या आपल्या कापडाच्या गावांत जुन्या टेम्पोशिवाय धंदा हलत नाही. नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. शिवाय व्याजाच्या कर्जापासून दूर राहणारे अनेक बंधू जुनी गाडी रोखीने घेतात आणि तीच पंधरा-वीस वर्षे ओढतात. गाडी जुनी म्हणजे कुठून ना कुठून तेल ठिबकणारच, असे आपण धरून चालतो. टॅपेट कव्हर किंवा चेंबरचे पॅकिंग पाझरले तर आठवड्याला थोडे तेल टाकून काम भागते, हे खरेही आहे. पण ऑईल कूलरच्या लाइनची गळती त्या हिशेबात बसत नाही. तो हिशेब मी एकदा चुकवला, म्हणून हे लिहितो.

आधी ही लाइन काय आहे ते पाहू. काही इंजिनांत ऑईल कूलर इंजिनाच्या अंगातच असतो आणि त्याला बाहेरचे पाइप नसतात. तिथे बिघाड झाला तर तेल पाण्यात मिसळते आणि रेडिएटरचे झाकण उघडले की कळते. काही गाड्यांत मात्र कूलर रेडिएटरच्या पुढे वेगळा बसवलेला असतो. ऑईल फिल्टरच्या बुडापासून दोन पाइप त्याच्याकडे जातात. एकातून गरम तेल जाते, दुसऱ्यातून थंड होऊन परत येते. पाइपची दोन्ही टोके लोखंडी आणि मधला भाग रबरी होजचा असतो, कारण इंजिन हलते आणि चेसिस हलत नाही. होज आणि लोखंड जिथे जोडलेले असते तिथे धातूची कडी दाबून बसवतात. दहा-बारा वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते, कडीखालची पकड सुटते आणि तिथून घाम आल्यासारखे तेल दिसू लागते. बहुतेक वेळा गळतीची सुरुवात येथूनच होते. लोखंडी भाग क्लिपखाली गंजतो, किंवा चेसिसला घासून पातळ होतो.

पॅकिंगचे तेल आणि या लाइनचे तेल यांत फरक दाबाचा आहे. चालत्या इंजिनात लाइनमध्ये तीन-चार किलोचा दाब असतो, थंड सकाळी त्याहून जास्त. पंप चेंबरातले सारे तेल मिनिटभरात एकदा फिरवून आणतो. म्हणजे होज कडीतून निसटले तर मिनिट-दोन मिनिटांत चेंबर रिकामे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर उडाले तर आगीचीही भीती आहे, आणि मागे सूत किंवा कापड भरलेले असते.

2008 साली आमचा टेम्पो भिवंडीहून सुताच्या गोण्या घेऊन मालेगावला येत होता. ड्रायव्हरने त्याआधी तीन वेळा सांगितले होते की शेठ, कूलरच्या पाइपातून तेल जाते. मी मिस्त्रींना म्हटले, सीझन आहे, सध्या भागवून द्या. त्यांनी फुगलेला भाग कापला, मध्ये रेडिएटरच्या होजचा तुकडा घातला आणि दोन्हीकडे स्क्रूच्या क्लिपा आवळल्या. मिस्त्रींना यातले कळत नव्हते असे नाही. मी मागितले तेच त्यांनी केले. अकरा दिवस ते चालले. कसारा घाटात चढावर, पूर्ण भाराने, तो तुकडा निघाला. ड्रायव्हरने दिवा पाहिला, पण वळणावर मागे ट्रकांची रांग होती. थोडी मोकळी जागा मिळेपर्यंत तो पुढे गेला आणि तेवढ्यात बेअरिंगे धरली. क्रँक उतरवावा लागला. मी त्याला बोल लावले आणि पगारातून रक्कमही कापली. पुढे गॅरेजात तो तुकडा हातात आला. रबर फुगून स्पंजासारखे मऊ झाले होते. ड्रायव्हरचा कसूर काय होता? पैसे मी परत केले. शब्द परत घेता आले नाहीत.

रेडिएटरचे होज पाण्यासाठी असते. त्याचे रबर तेलात फुगते. स्क्रूची क्लिपही पाण्याच्या हलक्या दाबासाठीच आहे. म्हणून दाबाच्या लाइनवर होजचा तुकडा आणि क्लिप ही दुरुस्ती नव्हे. एम-सीलची गोळीही नव्हे, कारण तेलकट पृष्ठभागावर ती धरत नाही आणि धरली तरी गाडीच्या कंपनाने सुटते.

गळती नेमकी कुठे आहे ते आधी शोधावे. वाऱ्याने तेल मागे ढकलले जाते, त्यामुळे चेंबर ओले दिसले म्हणून चेंबर गळते असे नाही. सगळा भाग डिझेलने धुऊन कोरडा करा, जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि इंजिन गरम होईपर्यंत चालवा. सर्वांत वर आणि सर्वांत पुढे जिथे पावडर ओली होते, तिथे दोष. पुष्कळदा युनियनमधली ओ-रिंग किंवा तांब्याचा वायसर एवढेच निघते, आणि मग पाइप बदलण्याची गरज नसते. तांब्याचा जुना वायसर लाल तापवून पाण्यात विझवला की मऊ होऊन पुन्हा बसतो, हे आपल्या जुन्या कारीगरांना ठाऊक आहे. मी मात्र नवाच टाका म्हणेन. त्याची किंमत ती काय!

दोष कडीत किंवा होजमध्ये असेल तर दोन रस्ते आहेत. कंपनीची तयार लाइन मिळाली तर उत्तम, पण जुन्या मॉडेलची मिळतेच असे नाही. मिळाली तरी दुकानात वर्षानुवर्षे पडून रबर कडक झालेले नाही ना, हे वाकवून पाहा. दुसरा रस्ता म्हणजे हायड्रॉलिक होज बनवणाऱ्या कारीगराकडे जुनी लाइन नमुन्याला घेऊन जाणे. तो लोखंडी टोके ठेवतो, त्यांवर निपल ब्रेझिंगने बसवतो आणि नवे होज मशीनवर प्रेस करून देतो. ब्रेझिंगनंतर आतला फ्लक्स आणि खपल्या नीट धुऊन घ्याव्यात, नाहीतर तो कचरा सरळ इंजिनात जाईल.

इथे गिऱ्हाईक एक प्रश्न विसरते. दुकानदार सांगतो, हे होज शंभर किलोच्या वर दाब सोसते. बरोबर आहे, पण आपल्याला पाच-सात किलोपलीकडे लागतच नाही. आपला शत्रू उष्णता आहे. एका जाळीचे साधे हायड्रॉलिक होज 100 अंशांपर्यंतचे असते, आणि घाट चढणाऱ्या इंजिनाचे तेल त्यापुढे जाऊ शकते. म्हणून गरम तेलासाठीचे होज मागा, दाबापेक्षा तापमान विचारा. आतला व्यास मूळ होजइतकाच हवा. बाहेरून मापून दिलेले होज आतून अरुंद निघते आणि तेलाचा ओघ कमी होतो. एक लाइन गेली असेल तर दुसरीही त्याच वयाची आहे, दोन्ही एकदम करून घ्या.

बसवताना दोन पाने लागतात. एकाने कूलरचा युनियन धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने जोर लावला की कूलरचे ॲल्युमिनियमचे तोंड पिळले जाते, आणि लाइन वाचवता वाचवता कूलर जातो. ओ-रिंगच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तिचे तुकडे तेलाच्या बारीक वाटांत जाऊन अडकतात. होजवर छापलेली रेघ सरळ राहिली पाहिजे. ती पिळलेली दिसली तर होजही पिळलेले आहे. थोडा ढिलेपणा ठेवा, मॅनिफोल्डपासून आणि पट्ट्यापासून दूर बांधा.

नवी लाइन आणि कूलर आधी रिकामे असतात. म्हणून डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवावा, दिवा विझेपर्यंत. मग इंजिन सुरू करून हळू चालू द्यावे, जोड पाहावेत, बंद करून पट्टी तपासावी आणि कमी झालेले तेल भरावे. इंजिन आधीच धरलेले असेल तर जुन्या कूलरात धातूचा चुरा बसलेला असतो. तो नीट धुवा, शंका असेल तर बदला. आमच्या इंजिनाच्या कामात कूलर बदलला तेव्हा मला तो खर्च फालतू वाटला होता. मिस्त्रींनी जुना कूलर उलटा करून कागदावर आपटला, आणि मी गप्प बसलो.

काही गॅरेजांत लाइन काढून दोन्ही तोंडे एकमेकांना जोडतात आणि कूलर वगळतात. रिकामी गाडी सावकाश घरी आणण्यापुरते हे ठीक आहे. त्यावर भार भरून घाट चढू नये, तेल पातळ होऊन दाब उतरतो. तोंडे बुजवणे तर त्याहून वाईट. बऱ्याच इंजिनांत सारे तेल कूलरमधूनच फिरत असते. तोंड बुजले की बेअरिंगांना काहीच मिळत नाही.

जुन्या गाडीच्या सौद्याबद्दलही सांगायला हवे. विकण्याआधी इंजिन डिझेलने चकाचक धुतात, गिऱ्हाईक येते, गाडी दहा मिनिटे चालवते आणि कोरडी पाहून घेते. फिक्हमध्ये मालातला ऐब सांगणे विक्रेत्यावर आहे, आणि लपवलेला ऐब निघाल्यास खरेदीदाराला सौदा मोडण्याचा हक्क आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. ताग्यात डाग असेल तर आपण तो दाखवून भाव कमी करतो. मग गाडीतच वेगळा न्याय का? मी मागच्या टेम्पोच्या वेळी गळक्या लाइनची गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकाने तेवढी रक्कम कमी केली आणि गाडी घेतली.

घेणाऱ्याने धुतलेल्या गाडीवर विसंबू नये. तासभर फिरवावी, शक्य असेल तर चढावर न्यावी आणि मग पुढच्या बाजूला खाली कोरे वर्तमानपत्र अंथरून रात्रभर उभी करावी. काम करून आणलेल्या गाडीलाही हेच, पहिल्या शंभर किलोमीटरनंतर एकदा आणि महिन्याने पुन्हा. आमच्या गोदामात ड्रायव्हरच कागद अंथरतो आणि सकाळी तो माझ्या टेबलावर आणून ठेवतो.