बारदाना, कोळसा आणि दाभण

तुरीचा हंगाम आला की समुद्रपूर-हिंगणघाटकडे भावाच्या बरोबरीनं आणखी एका गोष्टीची चौकशी होते: बारदाना आहे का? २०१७ साली राज्यात तुरीचं अमाप पीक आलं. सरकारी खरेदी केंद्रांवर माल पडून राहिला, त्याच्या अनेक कारणांतलं एक अगदी साधं होतं. भरायला पोतीच नव्हती. रिकाम्या पोत्याचं मोल त्या वर्षी शेतकऱ्याला कळलं. घानातल्या एका तरुण कलावंतानं ते त्याआधीच ओळखलं होतं.

त्याचं नाव इब्राहिम महामा. जन्म १९८७ चा, उत्तर घानातल्या तमाले शहरातला. घाना जगाला कोको विकतो, पण तो भरायची तागाची पोती येतात आशियातून. एकदा कोको बंदराकडे गेला की तशाच पोत्यांत पुढं तांदूळ येतो, मका येतो, आणि पार विटल्यावर लाकडी कोळसा. दर मुक्कामी पोत्यावर नवा डाग, नवं ठिगळ, एखाद्या व्यापाऱ्याचं नाव. महामा नवी पोती देऊन ही जुनी घेतो, पोटासाठी शहरात आलेल्या माणसांना सोबत घेऊन ती शिवतो आणि ती अवाढव्य गोधडी इमारतींवर पांघरतो. २०१५ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात एका लांबलचक बोळाच्या भिंती त्यानं अशाच झाकल्या. बाजार समितीतला हमाल म्हणेल, यात कला ती कसली? पण कोणतं पोतं किती हातांतून गेलंय, हे समीक्षकांच्या आधी तोच सांगेल.

पश्चिम आफ्रिकेत अशी जुनी-पानी वस्तू उचलून आजचं जगणं सांगणारे पुष्कळ आहेत. बेनिनचा रोम्युअल्ड हाझूमे पेट्रोलच्या चोरट्या वाहतुकीतल्या फुटक्या कॅनचे मुखवटे करतो. मालीचा अब्दुलाये कोनाते रंगवलेल्या सुती कापडाच्या पट्ट्या शिवून भिंतभर चित्रं उभी करतो. कापसाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगायचं, तर माली, बेनिन, बुर्किना फासो आणि चाड या चार देशांनी २००३ साली श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गाऱ्हाणं मांडलं होतं. बुर्किना फासोनं २००८ मध्ये बीटी कापूस लावला आणि धागा आखूड निघतो म्हणून काही वर्षांत सोडूनही दिला. वर्धा जिल्ह्यातल्या पऱ्हाटीवाल्याला हे परक्या मुलखातलं वाटू नये.

मग विदर्भाचा महामा कोण?

समुद्रपूर तालुक्यातलं पाणी वणा नदीतून वर्धा नदीला मिळतं, आणि वर्धा पुढं राजुऱ्याच्या बाजूनं जाते. तिथं सास्ती आहे, कोळसा खाणीचं गाव. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म तिथला, १९८६ चा. म्हणजे महामापेक्षा एकाच वर्षानं मोठे. घरातल्या तीन पिढ्यांचं आयुष्य खाणीशी बांधलेलं. शिक्षण खैरागड आणि बडोद्याला, तेही शिल्पकलेचं. पण नाव झालं ते कोळशानं थेट भिंतीवर काढलेल्या चित्रांमुळं. त्यांच्या चित्रांतल्या माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी कधी दिवा असतो, कधी यंत्राचा तुकडा. शेत खणून खड्डा झालेला, आणि माणूस त्या खड्ड्याचंच एक अवजार होऊन बसलेला. सास्ती परिसरातल्या उघड्या खाणी ज्यानं पाहिल्या आहेत, त्याला यात कल्पना कमी आणि वृत्तांत जास्त दिसेल.

२०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन झालं. पुढं वेल्समधल्या कार्डिफच्या ‘आर्टेस मुंडी’ या कला-पुरस्कारासाठी काम करताना तिथल्या खाणकामगारांचे मोर्चातले फलक त्यांनी अभ्यासले. २०२१ मध्ये तो पुरस्कार परीक्षकांनी अंतिम फेरीतल्या सहाही कलावंतांना मिळून दिला. त्यांत पाचपुते होते. २०२२ मध्ये व्हेनिसही झालं.

दुसरं नाव श्वेता भट्टड यांचं. महाराष्ट्राच्या सीमेला लागून मध्य प्रदेशात पारडसिंगा आहे (काटोलजवळचं अनसूयामातेचं पारडसिंगा ते वेगळं). तिथं ‘ग्राम आर्ट प्रोजेक्ट’मधून त्या आणि गावकरी शेतालाच कागद समजून पिकांतून चित्रं पिकवतात, देशी कापसाच्या हातसुताच्या, बियाणं घातलेल्या राख्या करतात. राखी सोडली की मातीत टाकायची. नागपूरच्या दालनात टांगता न येणारी ही कला आहे आणि तेच तिचं बळ.

फरक पडतो तो पुढं. महामानं कमाई तमालेत आणली. २०१९ मध्ये तिथं कलाकेंद्र उघडलं, मग ‘रेड क्ले’ हा स्टुडिओ उभारला, जुनी विमानं आणून ठेवली. गावातली पोरं त्यांत बसून शिकतात. विदर्भात मात्र उलटी वाट. सास्तीचं चित्र कार्डिफनं पाहिलं, समुद्रपूरनं नाही. याचा दोष कलावंताला देता येत नाही. तमालेतलं कलाकेंद्रही सरकारनं बांधलं नव्हतं हे खरं, पण एकट्या माणसाच्या जिद्दीवर किती गावांनी विसंबून राहायचं? चित्रकार सुधीर पटवर्धनांनी २००८ च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजं’ हे प्रदर्शन राज्यातल्या शहरांमधून फिरवलं होतं. तालुक्याची गावं त्या वाटेवर नव्हती.

हंगाम सरला की बाजार समितीची शेडं मोकळी पडतात. भिंती लांब असतात, आणि पाचपुतेंना कोळशाखेरीज फारसं काही लागत नाही. समुद्रपूरहून कुणीतरी त्यांना एक पत्र टाकून पाहावं.