चुंबकाची चूक नोंदवणारा नकाशा

देवगाव रंगारीहून एमआरआयसाठी छत्रपती संभाजीनगरला गेलेल्या रुग्णाच्या डोक्याभोवती ३ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र असेल, तर हायड्रोजनची केंद्रकं सुमारे १२८ मेगाहर्ट्झला प्रतिसाद देतात. क्षेत्र सगळीकडे सारखं हवं. पण कपाळामागच्या आणि कानाजवळच्या हवेच्या पोकळ्या ते बिघडवतात. शे-सव्वाशे हर्ट्झचा फरकही वेगवान चित्रणात मेंदूचा भाग कित्येक मिलिमीटर सरकवतो.

क्षेत्राच्या एकसारखेपणाचं मोल १९५१ मध्येच दिसलं होतं. क्षेत्र पुरेसं एकसारखं असल्यामुळेच आर्नोल्ड, धर्मत्ती आणि पॅकार्ड या शास्त्रज्ञांना स्टॅनफर्डमध्ये अल्कोहोलमधल्या हायड्रोजनच्या संकेतात तीन वेगळ्या रेषा दिसल्या. यातल्या धर्मत्तींनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत केंद्रकांच्या अशा संकेतांचं संशोधन रुजवलं. हे नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं, याची खंत वाटते.

क्षेत्रातला हा बिघाड मोजणारा नकाशा म्हणजे ‘फील्ड मॅप’. दोन वेगळ्या वेळी टिपलेल्या प्रतिध्वनींच्या (एको) कलेतल्या (फेज) फरकावरून, किंवा परस्परविरुद्ध दिशांनी घेतलेल्या दोन चित्रांवरून तो काढतात.

मात्र कोणता नकाशा कोणत्या चित्रासाठी? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बिड्स’ या, मेंदूच्या चित्रांच्या फाइल्स मांडण्याच्या सामायिक मानकात नकाशासोबत संबंधित फाइल्सची यादी असे. फाइलचं नाव बदललं की दुवा तुटे. म्हणून पुढे मानक वाढवलं: नकाशा ज्यांपासून बनतो त्या चित्रांना एक ओळखनाम, आणि तो वापरणाऱ्या चित्रात त्याच नावाचा उल्लेख. त्यामुळे मूळ चित्रणातलीच चित्रंही नकाशासाठी वापरता येतात. माझ्या मते ही सुधारणा फार मोलाची आहे, कारण जुळणी चुकली तर दुरुस्तीच नवी विकृती घालते.