गावकावळा व नागरी वस्ती

पक्षिवर्गातील पॅसेरिफॉर्मीस गणाच्या कॉर्व्हिडी कुलातील हा पक्षी. शास्त्रीय नाव कॉर्व्हस स्प्लेंडेन्स. लांबी सु. ४० सेंमी.; मान व छाती राखी आणि बाकीचे शरीर काळे असते. त्यामुळे सर्वस्वी काळ्या व आकाराने मोठ्या डोमकावळ्यापासून तो सहज वेगळा ओळखता येतो. मानवी वस्तीपासून दूर तो क्वचितच आढळतो. विणीच्या काळात मात्र घरट्याभोवतीच्या जागेचे तो निकराने रक्षण करतो व दाट वस्तीत त्यातून माणसाशी संघर्ष उद्भवतो.

प्रदेशरक्षणाची ही प्रवृत्ती अनेक पक्ष्यांत आढळते. उत्तर अमेरिकेतील शहरांत तळ्यांच्या काठी घरटी करणारा कॅनडा हंस हे तिचे परिचित उदाहरण होय. मादी सु. चार आठवडे अंडी उबविते; नर जवळच पहारा देतो व जवळ येणाऱ्या माणसावर मान पुढे काढून फूत्कारत धावून जातो. महाराष्ट्रात उजनी जलाशयासारख्या ठिकाणी येणारे पट्टकादंब हेही रानहंसच; परंतु ते केवळ हिवाळी पाहुणे असून मध्य आशिया व लडाखमधील उंच सरोवरांकाठी वीण करतात. त्यामुळे त्यांचा हा आक्रमकपणा येथे अनुभवास येत नाही. येथील शहरांत तसा अनुभव येतो तो कावळ्याचा.

पुण्यातील कसबा पेठ ही शहराची सर्वांत जुनी वस्ती. अरुंद बोळ, एकमेकांना लागून असलेले वाडे व इमारती आणि मोजकी झाडे यांमुळे झाडावरील घरटे बहुधा कोणाच्या तरी सज्जाच्या किंवा गच्चीच्या पातळीवर येते. तांबट आळीतील ठोक्यांसारख्या रोजच्या आवाजाला पक्षी सरावतात. त्यांना धोका वाटतो तो घरट्याच्या उंचीवर अचानक आलेल्या माणसाचा. गावकावळ्याची वीण मुख्यतः एप्रिल ते जुलै या काळात होते. वाळवणे घालणे, कौले चाळणे, गच्चीची डागडुजी व झाडांच्या फांद्या छाटणे ही पावसाळ्यापूर्वीची कामेही याच सुमारास चालतात. संघर्षाचे मूळ पक्ष्याच्या दुष्टपणात नसून या दोन हंगामांच्या एकत्र येण्यात आहे.

मादी साधारणतः ४–५ निळसर हिरवी, तपकिरी ठिपक्यांची अंडी घालते. ती सु. १६–१७ दिवसांत उबतात व पिले ३ ते ४ आठवडे घरट्यात राहतात. म्हणजे एका घरट्याचा उपद्रव फार तर दीड-दोन महिन्यांचा असतो. पिले घरट्याबाहेर पडून नीट उडू लागेपर्यंतच्या दिवसांत हल्ले विशेष तीव्र होतात. कावळा बहुधा मागून झेपावतो व डोक्यावर चोच किंवा नख्या मारतो. माणूस दूर गेला की तो परततो. अमेरिकन कावळ्यांवरील प्रयोगांत, त्यांना पकडणाऱ्यांनी घातलेला मुखवटा ते पुढे अनेक वर्षे ओळखीत असल्याचे दिसून आले. दगड मारून कावळ्याला हुसकावणे यामुळेच अंगलट येण्याचा संभव असतो. घरटे मोडल्यास जोडी पुष्कळदा नव्याने बांधणी करते व उपद्रवाचा काळ उलट लांबतो.

छत्री वा टोपी वापरणे, वाळवण गच्चीच्या दुसऱ्या टोकाला घालणे, पक्ष्याकडे पाठ न करणे व तातडीची नसलेली कामे पिले उडून जाईपर्यंत पुढे ढकलणे हे उपाय पुरेसे ठरतात. खाली पडलेले पीस फुटलेले पिलू, घाई न करता, जवळच्या फांदीवर ठेवावे. उघड्यावरील उष्टे व कचरा कमी केल्यास कावळ्यांची दाटीही कमी होते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पाचव्या अनुसूचीत कावळ्याची गणना उपद्रवी प्राण्यांत होती. २०२२ च्या सुधारणेने ती अनुसूची रद्द झाली. ही सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. झाडांच्या छाटणीस महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो.

लोकव्यवहारात कावळ्याचे स्थान दुहेरी आहे. भाद्रपदातील पितृपक्षात त्याच्यासाठी घास ठेवला जातो आणि कसबा पेठेनजीकच्या ओंकारेश्वर घाटावर दहाव्याच्या पिंडाला त्याचा स्पर्श व्हावा म्हणून आप्तेष्ट ताटकळत उभे राहतात. वैशाखात मात्र तोच पक्षी शत्रू ठरतो. त्याची धिटाई माणसाने टाकलेल्या अन्नावर पोसली गेली आहे आणि त्याचा हल्ला केवळ पिलांपुरता आहे. हा भेद ध्यानी घेतल्यास दाट वस्तीतही दोघांना एकमेकांशेजारी राहता येते.