स्काऊट चळवळीची मूल्ये आणि बालसंरक्षणाचे उत्तरदायित्व

भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संघटनेच्या नियमांत स्काऊटचा पहिला गुण सांगितला आहे तो विश्वसनीयता. पुढे निष्ठा, बंधुभाव, विनय, शिस्त, धैर्य, काटकसर असे गुण येतात आणि शेवटी विचार, उच्चार व आचार यांची शुद्धता येते. शाळेत स्काऊट-गाईडचा गणवेश घातलेल्यांना हे नियम बहुधा अजून पाठ असतील. ते एकदा पुन्हा मनात म्हणून पाहा आणि एका गोष्टीकडे लक्ष द्या. हे सगळे नियम घेतलेल्या वचनाशी जोडलेले आहेत आणि वचन घेणारा बहुतेक वेळा मूल असतो. मुलाने कसे वागावे हे त्यांत आहे. मुलाला ज्यांच्या हवाली केले, त्यांनी आणि त्यांच्या संस्थेने मुलाच्या बाबतीत कोणाला जाब द्यायचा, हे त्यांत नाही.

ही उणीव एकट्या स्काऊट चळवळीची नाही. क्रीडा प्रशिक्षण केंद्रे, वसतिगृहे, संस्कार शिबिरे, छंदवर्ग, धार्मिक शिक्षणवर्ग अशा मुलांसाठी चालणाऱ्या कोणत्याही संस्थेत ती आढळते. तरीही अभ्यासासाठी स्काऊटचे उदाहरण घेण्याला कारण आहे. या चळवळीने मूल्यांना सर्वांत वरचे स्थान दिले. शिवाय तिच्या अमेरिकन शाखेतील अंतर्गत कागदपत्रे न्यायालयामार्फत लोकांसमोर आली, त्यामुळे एरवी अंदाजाने बोलावे लागते ते येथे पुराव्यानिशी बोलता येते.

विश्वास ठेवण्याची शिकवण

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. पुढच्या वर्षी त्यांचे 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक आले आणि चळवळ झपाट्याने पसरली. मुलांवर जबाबदारी टाकावी, लहान लहान संघ करून त्यांच्यातूनच संघनायक निवडावा, मोठ्यांनी दुरून पाहावे, ही कल्पना त्या काळात खरोखर नवी होती. छडीच्या धाकाने शिकवण्याच्या जमान्यात 'तुझ्या शब्दावर माझा भरवसा आहे' असे मुलाला सांगणे ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

पण याच मांडणीत धोक्याची एक फट होती. मूळ नियमांत संघनायक आणि स्काऊटमास्टर यांची आज्ञा कोणताही प्रश्न न विचारता पाळावी, अशी अपेक्षा होती. आता शिबिराचे वातावरण डोळ्यांसमोर आणा. घरापासून दूर जंगलात मुक्काम, रात्रीची शेकोटी, तंबू, आणि ज्याच्यासारखे व्हावेसे वाटते असा एक प्रौढ. आज्ञाधारकपणा, निष्ठा आणि धाडस हे तिन्ही गुण मुलाने मनापासून अंगी बाणवले असतील, तर त्या प्रौढाने केलेल्या गैरवर्तनाची वाच्यता करणे त्याला जास्तच कठीण जाते. बोलणे म्हणजे निष्ठा मोडणे आणि घाबरणे म्हणजे भित्रेपणा, असे त्याला वाटू लागते. अत्याचार करणाऱ्याला वेगळी युक्ती शोधावी लागत नाही. संस्थेने शिकवलेले गुणच त्याच्या कामी येतात.

यावरून मूल्येच वाईट होती असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. विश्वास दुतर्फा असावा लागतो आणि दुसऱ्या बाजूची, म्हणजे संस्थेची, जबाबदारी कोठे लिहिलेलीच नव्हती, एवढाच याचा अर्थ.

कपाटातील फायली

बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका ही संघटना १९१० साली स्थापन झाली. स्काऊटचे काम करण्यास अपात्र ठरवलेल्या स्वयंसेवकांची गोपनीय नोंद तिने १९२०च्या दशकापासून ठेवली होती. अशा व्यक्तीने दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा नाव नोंदवू नये, हा त्यामागचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. अपात्रतेची कारणे अनेक असत. त्यांतला एक मोठा भाग मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या संशयाचा होता.

या फायलींचे गांभीर्य जगाला कळले ते ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरातल्या खटल्यामुळे. १९८०च्या दशकात तेथील एका सहाय्यक स्काऊटमास्टरने सतरा मुलांशी गैरवर्तन केल्याची कबुली आपल्या धर्मसंस्थेच्या स्थानिक प्रमुखाजवळ दिली होती. त्यानंतरही त्याचा मुलांशी संबंध तुटला नाही आणि पुढे आणखी मुले त्याला बळी पडली. त्यांपैकी एकाने प्रौढ झाल्यावर दावा लावला. २०१० साली ज्यूरीने नुकसानभरपाईशिवाय १ कोटी ८५ लाख डॉलर दंडात्मक भरपाई देण्यास संघटनेला सांगितले. पुराव्यात वापरलेल्या फायली खुल्या कराव्यात, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये १९६५ ते १९८५ या काळातील सुमारे १,२०० फायली प्रसिद्ध झाल्या.

त्याच वर्षी 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने १९७० ते १९९१ या काळातील सुमारे १,६०० फायली तपासल्या. बऱ्याच प्रकरणांत पोलिसांना आधी कळले होते आणि संघटनेला नंतर. मात्र पाचशेहून अधिक प्रकरणांत मुले, पालक, कर्मचारी किंवा निनावी पत्रे यांच्याकडून संघटनेला प्रथम माहिती मिळाली होती. त्यांपैकी सुमारे ८० टक्के प्रकरणांत ही माहिती पोलिसांकडे गेल्याची नोंद सापडली नाही. संबंधित व्यक्तीला शांतपणे राजीनामा देऊ द्यायचा आणि कारण म्हणून प्रकृती किंवा कामाचा व्याप दाखवायचा, अशीही उदाहरणे त्यांत होती.

या टप्प्यावर विद्यार्थ्यांनी एक भेद नीट समजून घ्यावा. संघटनेला माहिती नव्हती असे नाही. उलट इतकी तपशीलवार माहिती फार थोड्या संस्थांनी जमवली असेल. तारखा, पत्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, सगळे जागच्या जागी होते. नोंद ठेवणे आणि उत्तरदायी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती ज्याच्या हाती आहे तोच ती दाबू शकत असेल, तर त्या नोंदीने संरक्षण होते ते संस्थेचे, मुलाचे नाही. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' हे शहाणपण व्यापारात चालत असेल. येथे मुठीत मुले होती.

किंमत फार उशिरा आली. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली कायदा करून मुदत संपलेल्या जुन्या दाव्यांसाठी न्यायालयाची दारे ठरावीक काळ उघडली. इतर काही राज्यांनीही तसे केले आणि दाव्यांचा ओघ सुरू झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये संघटनेने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. त्या प्रक्रियेत ८२ हजारांहून अधिक व्यक्तींनी लहानपणी आपल्यावर अत्याचार झाल्याचे दावे नोंदवले. शेवटी २.४६ अब्ज डॉलरच्या निधीची योजना मंजूर होऊन २०२३ साली अमलात आली. आकडा डोळे दिपवणारा वाटतो, पण सारख्या वाट्याने भागाकार केला तर माणशी सुमारे ३० हजार डॉलर येतात. प्रत्यक्षात रक्कम प्रकरणाच्या गांभीर्यानुसार ठरते. काही झाले तरी चाळीस-पन्नास वर्षांनी मिळालेल्या धनादेशाला न्याय म्हणताना जीभ अडखळते.

एका दारातून बाहेर, दुसऱ्यातून आत

ऑस्ट्रेलियात २०१३ ते २०१७ या काळात एका शाही आयोगाने संस्थांमधील बाललैंगिक अत्याचारांची चौकशी केली. आयोगाने पहिलेच प्रकरण घेतले ते एका स्काऊट नेत्याचे. त्याच्याबद्दल स्काऊट संघटनेकडे तक्रारी आल्या होत्या. त्याला समजही देण्यात आली होती. हाच माणूस नंतर निराधार मुलांची व्यवस्था पाहणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेचा प्रमुख झाला. 'आमच्याकडून गेला, प्रश्न मिटला' हा विचार किती महागात पडतो, हे यावरून दिसते. मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी संस्थेबाहेरच्या यंत्रणेने तपासली पाहिजे, हा आग्रह अशाच अनुभवांतून आला.

दुसरा प्रौढ

अमेरिकन संघटनेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने प्रत्येक उपक्रमात किमान दोन जबाबदार प्रौढ असण्याचा नियम आणला आणि एक प्रौढ व एक मूल यांनी एकांतात राहू नये असे ठरवले. नव्या स्वयंसेवकांची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणे २००३ पासून आणि जुन्यांची २००८ पासून सक्तीचे झाले. पहिल्या फायलीपासून मोजले तर याला ऐंशी वर्षे लागली.

दोन प्रौढांचा नियम पुष्कळ प्रामाणिक शिक्षकांना खटकतो. आपल्यावर अविश्वास दाखवला जातो असे त्यांना वाटते. पण हा नियम अमुक माणूस चांगला की वाईट, याचा निवाडा करतच नाही. चारित्र्य पारखण्याची खात्रीशीर पद्धत कोणाजवळ नाही. एकांत टाळणे मात्र कोणालाही जमते. शाळेचा हिशेब तपासनीस येतो तेव्हा लेखनिक चोर आहे असे कोणी मानत नाही. शिवाय खोट्या आरोपाची भीती ज्यांना वाटते, त्यांनाही दुसऱ्या प्रौढाच्या उपस्थितीइतका चांगला साक्षीदार मिळणार नाही.

भारतातील कायदा काय सांगतो

आपल्याकडे लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पॉक्सो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याने बालक ठरते. कलम १९ नुसार असा अपराध घडल्याचे ज्याला माहीत आहे किंवा घडण्याची आशंका आहे, अशा कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. येथे 'कोणतीही व्यक्ती' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मुख्याध्यापकांना किंवा शिबिरप्रमुखांना सांगितले म्हणजे कायद्याने टाकलेले काम संपत नाही. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, हेही याच कलमात नमूद आहे.

न कळवणाऱ्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा अपराध कळवला नाही, तर कारावासाची मर्यादा एक वर्षापर्यंत जाते आणि दंडही होतो. अमेरिकेतील फायलींच्या संदर्भात ही तरतूद वाचावी. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याच्यावर कायद्याने जास्त भार टाकला आहे. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीने केलेला अपराधही कायदा अधिक गंभीर मानतो.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकरणात हे कलम न्यायालयापुढे आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असूनही ती पोलिसांना दिली नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्याविरुद्धचा गुन्हा रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय रद्दबातल ठरवला आणि तत्परतेने माहिती देण्याचे महत्त्व अधोरेखित केले. आरोप सिद्ध झाला की नाही हा वेगळा प्रश्न; तो उंबरठ्यावरच निकालात काढता येणार नाही, असा या निकालाचा अर्थ आहे.

२०२० च्या पॉक्सो नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या शाळा, पाळणाघरे, क्रीडा प्रबोधिनी इत्यादी संस्थांनी कायम व कंत्राटी अशा सर्व कर्मचाऱ्यांची वेळोवेळी पोलीस पडताळणी करावी, असे त्यात आहे. राज्य सरकारांनी बालसंरक्षण धोरण तयार करावे आणि मुलांसोबत काम करणाऱ्या सर्व संस्थांनी ते स्वीकारावे, अशीही तरतूद आहे. अडचण अशी की नियमात कर्मचाऱ्याचा उल्लेख स्पष्ट आहे, तर युवक संघटनांचे बरेच काम मानद कार्यकर्ते आणि माजी विद्यार्थी करतात. त्यांची नोंद हजेरीपटावरही नसते. पडताळणीतून निसटण्याची शक्यता जास्त आहे ती याच ठिकाणी.

आपण स्वतः कोठे उभे आहोत

हा पाठ वाचणाऱ्यांपैकी काही जण रोव्हर किंवा रेंजर असतील, काही राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातल्या मुलांना शिकवत असतील, काही उन्हाळी वर्गात पोहणे किंवा नाटक शिकवत असतील. अठरा वर्षे पूर्ण झालेला असा विद्यार्थी कायद्याच्या दृष्टीने प्रौढ आहे आणि समोरचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बालक आहे, मग दोघे एकमेकांना मित्र म्हणत असले तरी.

एखाद्या मुलाने काही सांगायला सुरुवात केली तर ते शांतपणे ऐकावे. खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत. तपास करणे हे पोलिसांचे काम आहे आणि वारंवार सांगायला लावल्याने मुलाचा त्रास वाढतो. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. मुलाचे शब्द तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहून ठेवावेत, त्याचे नाव इतरांत चर्चेला आणू नये आणि पोलिसांना कळवावे. १०९८ या बालक मदत क्रमांकावर फोन करून मार्गदर्शनही घेता येते. पुरावा हाती असण्याची गरज नाही. आशंका हा शब्द कायद्यातच आहे. पोलिसांनी हे प्रकरण चोवीस तासांच्या आत बालकल्याण समिती आणि विशेष न्यायालयाच्या निदर्शनास आणायचे असते, त्यामुळे एकदा माहिती संस्थेच्या बाहेर गेली की ती पुन्हा एखाद्या कपाटात जाऊन पडण्याची शक्यता कमी होते.