बागेची चित्रपुस्तकं आणि मृगाचं बी

शहापूर तालुक्यातल्या एका अंगणवाडीताईंनी विचारलं होतं, "मुलांना बाग लावण्यावरचं चित्रपुस्तक वाचून दाखवायचंय, कुठलं घेऊ?" मुरबाडच्या एका गुरुजींचाही जवळपास हाच प्रश्न होता. म्हणून आजचा भाग त्यावर. पुस्तकांची यादी मात्र मी देणार नाही. पुस्तक हातात आल्यावर त्यात काय बघायचं, ते सांगतो.

बागेच्या चित्रपुस्तकांचा एक ठरलेला साचा आहे. बियांचं पाकीट, कुंडी, हातात झारी, आणि थंडी सरली की कोवळा कोंब. हा साचा थंड देशांतून आलाय. एरिक कार्ल यांचं 'द टायनी सीड' (१९७०) घ्या. त्यातलं बी शरदात वाऱ्याबरोबर निघतं, बर्फाखाली पडून राहतं आणि वसंतात उगवतं. चित्रं फार देखणी आहेत, मला स्वतःला आवडतात. पण आपल्याकडे बी बर्फाखाली निजत नाही, मे महिन्याच्या उन्हात निजतं. दुधीचं, काकडीचं बी राख लावून ठेवलेलं असतं, कुठं शेणात कालवून भिंतीला थापलेलं असतं. मृगाचा पाऊस पडला की ते बाहेर निघतं.

आणि जूनमध्ये झारी घेऊन कोण फिरतं हो? शहापूर-मुरबाडला तेव्हा अडचण उलटी असते. पाणी साचतं आणि बी कुजतं. म्हणून माती उंच ओढून त्यावर बी टोचतात. पाणी घालायचं चित्र खरं होतं ते दिवाळीनंतर, आणि तेही ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्यासाठी. भातसा, तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यातच आहेत, आणि याच तालुक्यातले काही पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. हंडाभर पाण्यासाठी आईबरोबर चालत जाणाऱ्या मुलीला झारीतून धो धो पाणी ओतणारं चित्र दाखवताना ताईंनी जरा थांबावं. तिचं काय म्हणणं आहे ते ऐकावं.

मग परदेशी पुस्तकं नकोतच का? तसं नाही. रूथ क्रॉस यांचं 'द कॅरट सीड' (१९४५) बघा. एक मुलगा गाजराचं बी पेरतो. आई, बाबा, मोठा भाऊ, सगळे म्हणतात, उगवणार नाही. तो रोज तण काढतो, पाणी घालतो. शेवटी गाजर येतं. शब्द अगदी मोजके आणि क्रॉकेट जॉन्सन यांची चित्रंही साधी, त्यात बर्फ नाही की काही नाही. आपल्याकडे गाजर कुणी लावत नसेल, पण "नाय उगवणार" असं मोठ्यांकडून ऐकणं कुठल्या मुलाला नवीन आहे? गोष्ट चालते ती त्यामुळे. पीक ओळखीचं असलंच पाहिजे असं नाही, काळजी ओळखीची हवी.

आता चित्राकडे या. चित्रपुस्तक दोन कामं फार छान करतं. एक, जमीन कापून दाखवतं. बी फुटून मूळ खाली जातंय हे शेतकऱ्याच्या पोरालाही एरवी दिसत नाही, उकरून बघितलं तर रोप मरतं. दुसरं काम म्हणजे पान उलटणं. एका पानावर बी, पुढच्या पानावर वेल. मधले दोन महिने एका झटक्यात गायब! बाग म्हणजे तर मुख्यतः वाट बघणं. म्हणून माझं सांगणं, पान उलटण्याआधी थांबा. "आता काय होईल?" विचारा. मुलं सांगतात: कोंबडी उकरंल, शेळी खाईल, पाऊस झोडपंल. बहुतेक पुस्तकांत कोंबडीच नसते. ते पान मुलांनी काढायचं. काटेरी कुंपण, मांडव, तिथून कौलांवर चढलेली वेल, सगळं त्यांना काढता येतं.

चित्रावरून बोलतं करायचं असेल तर माधुरी पुरंदरे यांचं 'चित्रवाचन' जवळ ठेवा. ते बागेचं पुस्तक नाही, पण चित्राशी गप्पा कशा मारायच्या याची सवय त्यानं लागते.

भाषेचंही बघायला हवं. ठाकर किंवा कातकरी घरातल्या मुलाचा वेलीसाठी, कोंबासाठी घरचा शब्द वेगळा असू शकतो. पुस्तकातला शब्द वाचा आणि घरचाही विचारा, दोन्ही फळ्यावर लिहा. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून आहे. त्यावरच्या गोष्टी मोफत आहेत आणि त्यांचं भाषांतर करायला, सोपं रूप करायला परवानगी आहे. चित्रं तीच ठेवून मजकूर मुलांच्या बोलीत लिहिता येतो. ताईंनी एखाद्या आजीला शेजारी बसवलं तर एका दुपारचं काम.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शाळांनी पोषण आहारासाठी परसबाग करावी म्हणून केंद्रानं २०१९ मध्ये सूचना काढल्या. बाग कधी लावायची हे मात्र इथलं इथंच ठरवायला हवं. दिवाळीनंतर बरीच कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मुलांना घेऊन. थंडीत लावलेल्या बागेचा वाल, वांगं त्या मुलांना दिसतच नाही. जूनमध्ये टोचलेली काकडी, शिराळी, दुधी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात हाताला येतात, सगळी पोरं गावात असताना. म्हणून बागेचं पुस्तक शाळा उघडल्या उघडल्या काढा, त्याच आठवड्यात बी टोचा, आणि गोष्ट पुढं पुढं वेलीच्या चालीनं वाचा. थंडीत करायचीच असेल तर मेथी लावा, महिन्याभरात खुडायला येते.

भट्टीवर जाणाऱ्या मुलाबरोबर एक पातळ पुस्तक आणि राखेत गुंडाळलेल्या चार बिया द्यायला काय हरकत आहे? बिया तिथं लावायला नव्हे, पुढच्या मृगाला परत आणायला. वेलीवरचा एक दुधी त्यासाठी न तोडता वाळू द्यावा लागेल, हे सप्टेंबरातच मुलांना सांगून ठेवा, नाहीतर तोही भाजीत जाईल.

तुमच्या पाड्यावर बी कसं जपतात, ते कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवीन.