लालिबेला आधी गावाबाहेर पाहावे

इथिओपियाच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 मीटर उंचीवर लालिबेला नावाचे लहान गाव वसले आहे. राजधानी अदिस अबाबापासून ते रस्त्याने सहाशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. गावात खडकात कोरलेली 11 चर्च आहेत. युनेस्कोने 1978 साली जागतिक वारशाची पहिली यादी जाहीर केली, तेव्हा तिच्यातल्या जेमतेम 12 स्थळांमध्ये लालिबेला होते. ही अकराही चर्च एकाच प्रकारची नाहीत. चार चर्च चारही बाजूंनी खडकापासून सुटी केलेली आहेत, त्यांचा फक्त पायाच डोंगराला जोडलेला आहे. काहींचे छत किंवा एखादी भिंत अजून मूळ खडकातच आहे, तर काही सरळसरळ गुहाच आहेत. गावाच्या आसपासच्या डोंगरांत याहून जुन्या आणि नव्या चर्चांचा मोठा पसारा आहे. बहुतेक पर्यटक मात्र दोन दिवसांत गावातली अकरा पाहतात आणि परततात.

हा सारा प्रदेश लाव्हाच्या थरांचा आहे. इथिओपियाचे पठार सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून तयार झाले. आपले दख्खनचे पठारही तसेच झाले, पण ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. लालिबेलाचा खडक तांबूस आणि सच्छिद्र आहे. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाइतका तो छिन्नीला अडत नाही, त्यामुळे कोरायला सोयीचा. पण हाच खडक पाणी शोषून घेतो आणि उन्हापावसात भेगाळतो. चर्चांचे आजचे दुखणेही याच गुणात आहे.

बारावे शतक संपत असताना आणि तेरावे उजाडत असताना या भागावर झाग्वे घराण्यातल्या लालिबेला राजाचे राज्य होते. गावाचे जुने नाव रोहा. राजाच्या पश्चात गावाला त्याचेच नाव मिळाले आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने त्याला संतपद दिले. 1187 साली मुस्लिम सुलतान सलाहुद्दीनने ख्रिस्ती राज्यकर्त्यांकडून जेरुसलेम जिंकले. तीर्थयात्रा अवघड झाल्यामुळे राजाने आपल्याच डोंगरात दुसरे जेरुसलेम वसवले, असे सर्वत्र सांगितले जाते. गावातून वाहणाऱ्या ओढ्याला जॉर्डन नदीवरून योर्दानोस म्हणतात, एका चर्चचे नाव येशूला क्रुसावर चढवलेल्या जागेवरून गोल्गोथा आहे, एक जागा आदमची कबर म्हणून दाखवतात. ही नावे खरी आहेत. पण त्यांच्यावरून साऱ्या बांधकामाचे कारण आणि काळ ठरवणे घाईचे होईल. एकाच राजाच्या कारकिर्दीत सगळे खोदकाम उरकले, हे आज बरेच अभ्यासक मानत नाहीत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ डेव्हिड फिलिप्सन यांनी हे काम काही शतकांत टप्प्याटप्प्याने झाले असावे असे मांडले. मेर्कोरिऑस आणि गब्रिएल-रुफाएल ही दोन चर्च मुळात चर्च नसून गढी किंवा वाड्यासारख्या वास्तू असाव्यात, असेही त्यांचे म्हणणे आहे. भाविकांचे उत्तर सोपे आहे: दिवसा माणसे खोदत, रात्री देवदूत.

बाहेरच्या जगाला या गावाची पहिली तपशीलवार माहिती एका पोर्तुगीज पाद्र्याने दिली, आणि त्याची वाट गोव्यावरून गेलेली होती. 1520 साली पोर्तुगीज गव्हर्नर दियोगो लोपेस दि सिकेरा याचे आरमार गोव्याहून तांबड्या समुद्राकडे निघाले. त्यातून इथिओपियाच्या दरबारी जाणारी वकिलात मसावा बंदरात उतरली. तिच्यातला फ्रान्सिस्को आल्वारेस सहा वर्षे त्या देशात राहिला. त्याचे प्रवासवर्णन 1540 साली लिस्बनमध्ये छापले गेले. लालिबेलाच्या चर्चांबद्दल लिहून झाल्यावर, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही अशी धास्ती त्याला वाटली, म्हणून आपण लिहिले ते सत्यच असल्याची त्याने देवाच्या नावाने शपथ वाहिली. त्याच शतकात इथिओपियातून गुलाम म्हणून विकली गेलेली माणसे दख्खनमध्ये येत होती. निजामशाहीचा कर्ता मलिक अंबर त्यांतलाच.

गावातली चर्च समजून घ्यायची तर सुरुवात गावाबाहेरच्या एका गुहेपासून करणे बरे. ईशान्येला अबुना योसेफ हा चार हजार मीटरहून उंच डोंगर आहे. त्याच्या परिसरात, जुनिपरच्या झाडीत येमरेहाना ख्रिस्तोस ही गुहा आहे. पूर्वी तिथे खेचरावरून जावे लागे, आता बऱ्याच अंतरापर्यंत गाडीरस्ता आहे आणि शेवटची चढण पायी. गुहा नैसर्गिक आहे. तिच्या रुंद तोंडाशी अलीकडच्या काळात बांधलेली भिंत दृश्याची बरीच माती करते. भिंतीच्या आत मात्र गुहेच्या छताखाली अख्खे चर्च उभे आहे, कोरलेले नव्हे, बांधलेले. येमरेहाना ख्रिस्तोस हा लालिबेलाच्या आधीचा झाग्वे राजा, म्हणजे हे काम साधारण बाराव्या शतकाचे.

या चर्चची भिंत जवळून पाहण्यासारखी आहे. आडव्या लाकडी तुळयांचा एक थर, त्यावर गिलावा केलेल्या दगडांचा एक थर, पुन्हा तुळया. दगडाचे पट्टे किंचित पुढे आलेले, लाकडाचे किंचित आत. त्यामुळे साऱ्या भिंतीवर काळ्या-पांढऱ्या रेघा दिसतात. खिडक्यांच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांत तुळयांची चौकोनी टोके बाहेर डोकावतात. आत लाकडी छतावर नक्षी आणि रंगकाम आहे. ही पद्धत अक्सुम राज्याची, म्हणजे येमरेहाना ख्रिस्तोसपेक्षाही काही शतके जुनी. गुहेच्या मागच्या अंधाऱ्या भागात जुन्या यात्रेकरूंचे वाळलेले देह एकमेकांवर पडलेले आहेत. पवित्र जागी देह ठेवावा म्हणून माणसे इथे येत, असे पुजारी सांगतात. गुहा कोरडी असल्याने कवट्यांवर कातडे आणि कफनाचे कापड टिकून आहे.

आता गावातले बेते अमानुएल पाहावे. बेते म्हणजे घर. या चर्चच्या भिंतीवर तेच आडवे पट्टे आहेत, एक पुढे, एक मागे. खिडक्यांच्या कोपऱ्यांत तीच चौकोनी टोके आहेत. फरक एवढाच की इथे ना लाकूड आहे, ना गिलावा. सगळा एकच खडक आहे आणि तुळयांचे काम नसतानाही तुळया कोरल्या आहेत. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. भाजे-कार्ल्याच्या लेण्यांत छताला कशाचाही आधार लागत नाही, तरी तिथे लाकडी कमानी बसवल्या आहेत, कारण कारागिरांच्या डोळ्यांपुढे चैत्यगृह होते ते लाकडाचे. वरून खाली कोरत आणायची लालिबेलाची रीतही वेरुळच्या कैलास लेण्याची आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असल्याचा पुरावा नाही, आणि तो जोडण्याची गरजही नाही.

वरून कोरण्याचा क्रम इथल्या कामात वाचता येतो. आधी खडकाच्या पाठीवर आयत आखून भोवती खोल चर खणायचा. मध्ये उरलेल्या ठोकळ्याच्या छतापासून कोरत खाली यायचे, मग दारे-खिडक्यांतून आत शिरून पोकळी करायची आणि खांब सोडत जायचे. चूक झाली तर दगड बदलता येत नाही. पावसाळ्यात हा चर म्हणजे विहीरच होणार, म्हणून अंगणांना उतार दिला आहे आणि पाणी ओढ्याकडे नेणारे पाट खोदले आहेत. चर्च पाहताना माना वर करून नक्षी न्याहाळणारे पुष्कळ असतात, पायाखालचे हे पाट फारसे कोणी पाहत नाही. खोदकामातून निघालेल्या चुऱ्याचे ढीग गावाच्या कडेला आजही आहेत आणि त्यांच्या थरांवरून कामाचा क्रम लावण्याचा प्रयत्न फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी केला आहे.

योर्दानोस ओढ्यामुळे गावातल्या बहुतेक चर्चांचे दोन गट पडतात. उत्तरेकडच्या गटात बेते मेधाने आलेम सर्वांत मोठे. सुमारे 33 मीटर लांब, 23 मीटर रुंद आणि 11 मीटर उंच. भोवती खांबांची रांग आहे, त्यांतले बरेच खांब दुरुस्तीत नव्याने उभारलेले. शेजारचे बेते मर्याम लहान, पण आतून अधिक देखणे: कमानींवर आणि छतावर रंगीत चित्रे व भौमितिक नक्षी आहे. मधला एक खांब कापडात गुंडाळून ठेवलेला असतो. तो कोणाला उघडून दाखवत नाहीत. अंगणातल्या हिरव्या पाण्याच्या कुंडात मूल व्हावे म्हणून बायका नाताळात उतरतात. बेते गोल्गोथात राजाची कबर असल्याचे मानतात. तिथे स्त्रियांना प्रवेश नाही.

दक्षिणेकडचा गट बोळ आणि भुयारांचा. अमानुएल, मेर्कोरिऑस, अब्बा लिबानोस आणि गब्रिएल-रुफाएल ही चर्च त्यात येतात. अब्बा लिबानोसच्या चारही बाजू मोकळ्या, पण छत अजून डोंगराला जोडलेले. राजाच्या राणीने देवदूतांच्या मदतीने ते एका रात्रीत उभारले, अशी कथा आहे. इथल्या एका भुयारात उजेड अजिबात नाही. तो नरकातून जाण्याचा मार्ग मानतात, म्हणून भाविक दिवा न लावता भिंतीवर हात ठेवून चालतात.

दोन्ही गटांपासून अलग, पश्चिमेला बेते गियोर्गिस. लालिबेलाचे जे छायाचित्र जगभर छापले जाते ते याचेच: सुमारे 12 मीटर उंच, क्रुसाच्या आकाराचे, छतावर एकात एक तीन क्रूस कोरलेले. खालच्या ओळीतल्या खिडक्या अक्सुमच्या जुन्या धाटणीच्या आहेत, वरच्या ओळीतल्या टोकदार कमानीच्या आणि पानाफुलांच्या. जुनी शैली पाठ असलेल्या कारागिराने तिच्यापुढे टाकलेले पाऊल इथे एकाच भिंतीवर दिसते. अकरांतले हे बहुधा शेवटचे, आणि सर्वांत शांत डोक्याने केलेले.

आजूबाजूच्या जागांपैकी आणखी दोन चुकवू नयेत. नाकुतो लाब हे गावापासून जवळचे चर्च उथळ गुहेत आहे. गुहेच्या छतातून बारमाही पाणी ठिबकते, ते दगडी वाडग्यांत साठवतात आणि तीर्थ म्हणून देतात. गेनेता मर्याम हे खांबांनी वेढलेले चर्च 1270 साली झाग्वे घराणे उलथवून गादीवर आलेल्या येकुनो अम्लाकच्या काळचे मानतात. त्याची भित्तिचित्रे या परिसरातली महत्त्वाची चित्रे आहेत. डोंगरावरच्या अशेतेन मर्याम चर्चची चढण खडी आहे. तिथे चर्चपेक्षा वाटेवरून दिसणारा मुलूखच जास्त लक्षात राहतो.

ही सर्व चर्च चालू आहेत. आत शिरताना पादत्राणे काढतात. बसायला बाक नसतात. उपासना तासन्‌तास चालते आणि उभे राहणाऱ्यांना टेकायला उंच काठी मिळते. गीझ भाषेतल्या स्तोत्रांना मोठा ढोल आणि धातूच्या चकत्यांचा खुळखुळा साथ देतो. 7 जानेवारीच्या नाताळाला, गेन्नाला, पांढरी वस्त्रे नेसलेले यात्रेकरू देशभरातून येतात, अनेक जण दिवसचे दिवस चालत. तेव्हा गावात खोली मिळणे मुश्कील. ज्याला भिंती पाहायच्या आहेत त्याने पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जावे. जेवणात टेफ धान्याच्या आंबवलेल्या पिठाची इंजेरा असते, दिसायला आंबोळीसारखी, चवीला तिच्याहून बरीच आंबट. घड्याळाची वेळ विचारून घ्यावी, कारण इथला दिवस सूर्योदयापासून मोजतात आणि सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक.

जतनाचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात काही चर्चांवर डांबराचा लेप दिला गेला. त्यामुळे ओल आतच कोंडली आणि पुढच्या दशकात तो खरवडून काढावा लागला. 2008 साली युरोपीय संघाच्या पैशातून पाच चर्चांवर पोलादी खांबांची मोठी छपरे उभारली. ती तात्पुरती म्हणून आली होती, पण हटली नाहीत. त्यांच्या वजनाने आणि वाऱ्याने खडकाला धोका असल्याची तक्रार गावकरी करत आले आहेत. 2019 साली फ्रान्सचे अध्यक्ष एमानुएल माक्रॉन यांनी गावात येऊन मदतीचे आश्वासन दिले. त्यानंतर यादवी आली. ऑगस्ट 2021 मध्ये सरकारशी लढणाऱ्या तिग्राई प्रांताच्या सैन्याने लालिबेला घेतले, डिसेंबरात ते पुन्हा सरकारकडे आले. 2023 पासून लालिबेला ज्यात येते त्या आम्हारा प्रदेशात सरकार आणि फानो हे सशस्त्र गट यांच्यात लढाई सुरू झाली, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ती गावापर्यंत पोहोचली. पर्यटकांवर चालणारी हॉटेले आणि वाटाडे यांची कमाई त्यामुळे आटली. म्हणून तिकडे जायचे ठरवण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचना पाहाव्यात, अदिस अबाबाहून विमान सुरू आहे का याची खात्री करावी, आणि येमरेहाना ख्रिस्तोसला जाणारा रस्ता खुला आहे की नाही हे गावात पोहोचल्यावर स्थानिक वाटाड्याला विचारूनच निघावे.