एनबीएचे दार बंद, युरोपचे मैदान खुले: काइल हाइन्स यांची सोळा वर्षे

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत आज साडेतीनशेहून अधिक संघ खेळतात. मात्र, एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये संघ अवघे ३० असून प्रत्येक संघात नियमित करारासाठी १५ जागा असतात. त्यामुळे बहुसंख्य गुणी खेळाडूंना उपजीविकेसाठी परदेशाची वाट धरावी लागते. काइल हाइन्स यांची कारकीर्द हे या वाटेचे ठळक उदाहरण आहे.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो येथील संघाकडून खेळताना हाइन्स यांनी २,००० हून अधिक गुण, १,००० हून अधिक रिबाउंड आणि ३०० हून अधिक ब्लॉक नोंदवले. तरीही २००८ च्या ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे एनबीएच्या वार्षिक निवडप्रक्रियेत, निवडल्या गेलेल्या ६० खेळाडूंमध्ये त्यांचे नाव नव्हते. ते बास्केटजवळ ‘सेंटर’ म्हणून खेळत. या जागेसाठी सात फुटांच्या आसपासची उंची अपेक्षित असते. हाइन्स यांची उंची सुमारे साडेसहा फूट होती.

त्यांची सुरुवात इटलीच्या दुसऱ्या श्रेणीतील वेरोली संघातून झाली. त्यानंतर जर्मनीतील बाम्बर्गमार्गे २०११ मध्ये ते ग्रीसच्या ऑलिंपियाकोसमध्ये दाखल झाले. २०१२ मध्ये इस्तंबूल येथे युरोलीगच्या अंतिम सामन्यात १९ गुणांनी पिछाडीवर पडलेल्या या संघाने मॉस्कोच्या सीएसकेएला ६२-६१ असे नमवले. पुढील वर्षीही ऑलिंपियाकोसनेच विजेतेपद राखले. त्यानंतर हाइन्स ज्या सीएसकेएविरुद्ध जिंकले होते, त्याच संघात गेले आणि २०१६ व २०१९ मध्ये आणखी दोन विजेतेपदांचे मानकरी ठरले. २०२० पासून ते इटलीतील मिलानकडून खेळले. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू हा सन्मान त्यांना तीनदा मिळाला. २०२२ मध्ये तो पटकावताना त्यांनी वयाची पस्तिशी गाठली होती. २०२४ मध्ये ते निवृत्त झाले. एनबीएच्या नियमित हंगामात ते एकही सामना खेळले नाहीत.

परदेशातील ही वाट सोपी नसते. अनेक देशांच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. साहजिकच अशी जागा मिळालेल्या खेळाडूकडून पहिल्याच आठवड्यापासून कामगिरीची अपेक्षा केली जाते. करार बहुधा एक-दोन हंगामांचे असतात आणि दुखापत किंवा खराब फॉर्म यांमुळे खेळाडूचे भवितव्य टांगणीला लागते. काही क्लब वेतन थकवतात. अशा तक्रारींच्या निवारणासाठी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाला २००७ मध्ये स्वतंत्र लवाद स्थापन करावा लागला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

खेळाची शैलीही वेगळी असते. युरोपातील सामना ४० मिनिटांचा, तर एनबीएचा ४८ मिनिटांचा. युरोपात सांघिक रचना आणि बचाव यांना विशेष महत्त्व दिले जाते. उंच प्रतिस्पर्ध्याला अचूक जागा घेऊन रोखणे आणि चपळ खेळाडूंच्याही मागे धावणे ही हाइन्स यांची कौशल्ये तेथे मोलाची ठरली. निवडप्रक्रियेत उणीव मानली गेलेली उंची तेथे अडसर ठरली नाही.

परदेशी लीगकडे एनबीए हुकलेल्यांचा आसरा म्हणून पाहिले जाते. चार युरोलीग विजेतेपदे मिळवणाऱ्या हाइन्स यांची कारकीर्द मात्र या समजाला छेद देते. खेळाडूची गुणवत्ता जोखणारा एकच बाजार नसतो, हेच त्यातून अधोरेखित होते.